चपला काठावर काढून

पहिली खटकलेली गोष्ट एवढीच, की ढगे काकांनी भजं खाल्लं नाही.

शनिवारची दुपार होती. रेल्वे फाटकाजवळच्या गुलाबरावांच्या कँटीनमध्ये आम्ही दोघं बाकावर बसलो होतो. मिरचीचं भजं म्हणजे काकांचा जीव की प्राण! त्यांनी ते उचललं, तोंडाजवळ नेलं आणि परत बशीत ठेवलं. "दाढ दुखून राह्यली," म्हणाले. मग चहा बशीत ओतून ओठांच्या फटीतून ओढत बसले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. वाटलं, विचारावं. नाही विचारलं.

ही चार वर्षांपूर्वीची गोष्ट. काका त्याच हिवाळ्यात गेले. मी आता वर्ध्याजवळ नालवाडीच्या एका शाळेत इतिहास शिकवते. मधल्या सुट्टीत डबे उघडले की कोणीतरी म्हणतंच, "शैला, तुझ्या त्या खड्डेवाल्या काकांचा एखादा किस्सा होऊन जाऊ दे!" किस्से पुष्कळ आहेत. मी ते जमवले नाहीत. उकिरड्यावर कचरा कोणी जमवत नाही, रोज थोडा पडतो आणि एक दिवस ढीग दिसतो, तसं झालंय. एक उपसायला जावं तर खालचे दोन वर येतात. हसण्यासारखे असतात ते मी स्टाफरूममध्ये सांगते. शेवटचा आजवर कोणाला सांगितला नाही. इथे सगळे सांगते.

*

आधी खड्डा सांगते. पुलगावच्या बाहेर, आर्वीच्या छोट्या गाडीचे रूळ ओलांडले की कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोऱ्या साहेबाचा बंगला होता. होता म्हणजे काय, छप्पर, दारं, खिडक्या लोकांनी कधीच नेल्या होत्या. मागचा कचऱ्याचा खड्डा तेवढा कोणी नेला नव्हता!

मी तेव्हा वर्ध्याच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. रोज पॅसेंजरने जाणं-येणं. इतिहास विषय घेतला होता, म्हणून एका सकाळी मोठ्या हिमतीने एकटीच बंगला बघायला गेले. मागच्या बाजूला वळले, तर छातीएवढ्या खड्ड्यात एक म्हातारा माणूस उभा! अंगभर राख, हातात रेती चाळायची चाळणी. मी किंचाळले.

ते शांतपणे म्हणाले, "पोरी, जिता माणूस हाय मी."

ते ढगे काका. रोज नाचणगावहून सायकलने यायचे. पाऊसकाळात खड्डा पाण्याने भरायचा, त्यामुळे खणायचं ते हिवाळ्यातच. काठावर त्यांनी काढलेल्या वस्तू मांडल्या होत्या. गोटी सोड्याच्या बाटल्या, दौती, शिंपल्याची बटणं, निळ्या नक्षीच्या बशीचे तुकडे. माझी भीती कुठल्या कुठे गेली. मी खाली उतरायला पाय टाकला.

"थांब. चपला काठावर काढ."

"काका, उकिरडा आहे हा!"

"उकिरडा कायचा? घर हाय त्यायचं. वरचं गेलं, खालचं राह्यलं. कोणाच्या घरात चपला घालून जाते का तू?"

मी चपला काढल्या. पुढचे दोन हिवाळे आम्ही दोघं त्या घरात अनवाणीच वावरलो.

*

काका टपालातून रिटायर झालेले सॉर्टर. धावत्या गाडीच्या डब्यात उभं राहून पत्रं ज्या त्या गावाच्या खणात टाकायची, हे आयुष्यभराचं काम. ती सवय सुटणार कशी? त्यांनी संत्र्याच्या रिकाम्या पेट्या आणून खड्ड्याच्या काठावर मांडल्या होत्या आणि खडूने नावं घातली होती. 'साहेब', 'मडम', 'खानसामा', 'माळी', 'जिनिंग'. आणि शेवटच्या पेटीवर 'पत्ता अपुरा'.

चाळणीवर काही उरलं की काका ते धुवायचे, तीनदा उलटंपालटं करायचे, आणि मगच पेटीत ठेवायचे. टाकायचे नाहीत, ठेवायचे.

एकदा मला हिरव्या काचेच्या बांगडीचा तुकडा सापडला. मी बिनधास्त 'मडम'मध्ये ठेवला. काकांनी उचलून 'पत्ता अपुरा'त ठेवला.

"मडम काचेची बांगडी घालत नसंन."

"मग खानसाम्याच्या बायकोची."

"खानसाम्याले बायको होती, तुले मालूम हाय?"

"नाही."

"मंग दुसऱ्याच्या घरी काऊन टाकते? कोणाची तरी हाय थे. राहू दे तिथंच. येईन घ्यायले!"

*

आमच्या कॉलेजातल्या एका सरांना मी आग्रह करकरून खड्डा बघायला आणलं. सर बूट काढायला तयार होईनात आणि काका बूट घालून उतरू देईनात. शेवटी सर काठावरूनच बघत राहिले.

"ढगे, छंद म्हणून ठीक आहे," सर म्हणाले. "पण ह्याला ऐतिहासिक मूल्य नाही. नाणं नाही, शिलालेख नाही, कोण्या राजाचं नाव नाही."

काकांनी चाळणीतून दात पडलेली एक लाकडी फणी उचलली. "सर, राजाच्या डोक्यातल्या उवा कोण काढत होतं, हे लिवलं हाय का कुठं?"

सर पुढच्या गाडीने वर्ध्याला परत गेले. माझा पेपर आता तेच तपासणार, या धास्तीने मी निकालापर्यंत धड जेवले नाही. मार्क चांगले पडले. पण जेवण बुडालं ते बुडालंच!

*

आता तो किस्सा, ज्यामुळे माझं नाव फाटकापासून बाजारापर्यंत झालं.

मी चाळणी हलवत होते. राख खाली गेली आणि एक पांढरं, गोल, लहानसं डोकं माझ्याकडे बघायला लागलं. डोळ्यांच्या जागी दोन भोकं. मी चाळणी टाकली आणि जी धावले ती थेट फाटकावर!

"लेकराचं मुंडकं! खड्ड्यात लेकराचं मुंडकं निघालं!"

कँटीनमधली सगळी गिऱ्हाइकं उठली. फाटकवाला हिरवी झेंडी काखेत मारून धावला. गुलाबराव तर हातातल्या झाऱ्यासकट, तेल ठिबकत! सगळे धापा टाकत खड्ड्यावर पोचले, तर काका आत उकिडवे बसलेले. तळहातावर ते डोकं, आणि धोतराच्या सोग्याने त्याचे गाल पुसणं चाललेलं.

"चिनी मातीची बाहुली हाय," ते वर न बघता म्हणाले. "गलका नोका करू. भेईन ना थे."

गुलाबराव माझ्याकडे वळले. "शैलाबाई, पोलिसाले बलावू का बारशाले?"

त्या दिवसापासून माझी सुटका नव्हती. मी कँटीनसमोरून गेले की कोणीतरी विचारायचंच, "आज कोणाचं मुंडकं?" घरी आई म्हणे, हसतात तर हसू दे, तू घाबरायचं सोड. जसं काही ते माझ्या हातात होतं! भांडं पडलं तरी मी उडते. आजही उडते.

*

काकू खड्ड्यातली कोणतीच वस्तू घरात येऊ देत नसत. "लोकायचं उष्टं" म्हणायच्या. काकांनी एकदा निळी किनार असलेली तामचिनीची थाळी लपवून घरी नेली. काकूंनी पाहिली. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे जेवायला होते, तर माझ्यासमोर आणि स्वतःसमोर पितळी ताट, आणि काकांसमोर ती थाळी! भाकर, वांग्याची भाजी, ठेचा, सगळं व्यवस्थित वाढलेलं.

"घ्या साहेब," काकू म्हणाल्या. "जेवा."

आता भांडण होणार! काकांनी थाळी बघितली, भाकरीचा तुकडा मोडला, खाल्ला, पुन्हा मोडला. अर्धी भाकर संपल्यावर हळूच म्हणाले, "मडम, भाजी वाढा जराशी."

काकू पदर तोंडात कोंबून चुलीकडे पळाल्या.

पण ती बाहुली काकूंनी घरात येऊ दिली. काकांनी ती कोणत्याच पेटीत ठेवली नव्हती, सदऱ्याच्या खिशातून घरी नेली होती. काकूंनी धुतली, चिंधीत गुंडाळली आणि शिवणाच्या डब्यात ठेवली. त्यांना मूलबाळ नव्हतं. एक मुलगी झाली होती, सव्वा महिन्याची होऊन गेली. हे मला काकूंनीच सांगितलं, दळण निवडता निवडता, मान वर न करता. मी सुपातले खडे वेचत राहिले. खडे संपले तरी वेचत राहिले.

*

दुसऱ्या हिवाळ्यात खड्डा विकला गेला. म्हणजे जागा विकली गेली. घेणारे शेटजी भले होते. म्हणाले, येता सोडून पुढच्या सोमवारी मुरूम टाकून बुजवणार आहे, तोवर काढा तुमचं काय काढायचं ते. हातात नऊ-दहा दिवस. काका पहाटेपासून खड्ड्यात. मी कॉलेज बुडवून जाऊ लागले.

त्याच घाईत एका सकाळी त्यांच्या टाचेत लोखंडी पट्टी घुसली. कापसाच्या गठाणी बांधायची असते ना, ती. गंजून काळी झालेली. काकांनी ती स्वतःच उपसून काढली. रक्त थेंबभरच आलं. पुढे एका डॉक्टरांनी मला सांगितलं, वाहिलं असतं तर बरं झालं असतं.

खड्ड्याच्या मधल्या थरात चुलीची जुनी राख होती, पिठासारखी मऊ. काकांनी तिचीच चिमूट घेतली आणि भोकात दाबून भरली.

"काका, ती नका लावू!"

"काऊन? चुलीची राख हाय. या राखेवर किती जणायच्या भाकरी झाल्या असंन. वाईट नाई करत थे."

कोणाच्या घरची राख वाईट करणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मला नव्हतं. दुपारी कँटीनमध्ये मी पुन्हा विषय काढला.

"काका, दवाखान्यात चला ना. इंजेक्शन घेऊन घ्या एक. गंजलेलं होतं ते."

"आइका गुलाबराव!" काका मोठ्याने म्हणाले. "पोरगी मले सुई टोचाले नेऊन राह्यली!"

"जपून राहा काका," कढईवरून गुलाबराव ओरडले. "तेव्हा बाहुलीचं मुंडकं होतं, आता तुमच्या टाचेचा नंबर दिसते!"

सगळं कँटीन हसलं. बाकावरचे, दारातले, सायकलला टेकून उभे असलेलेसुद्धा. वर्षभर मी ते हसू ऐकत होते. कंटाळले होते मी त्याला. आणि माझं घाबरणं दर वेळी खोटंच निघतं, हे मलाही आता पटलं होतं. म्हणून मीही हसले. म्हटलं, "बरं, राहिलं! नका घेऊ."

काका इतके खूश झाले! माझ्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पाह्यलं का? आता भेत नाई आमची पोरगी!"

*

त्यानंतरच्या आठवड्यात तो शनिवार, भजं बशीत राहिलं तो. आणि दुसऱ्या दिवशी खड्ड्याचा शेवटचा रविवार.

मी दहाला पोचले. काका आधीच आत होते. सायकल नव्हती, चालत आले होते. डोक्यावरून हनुवटीखाली मफलर बांधलेला. "मान आखडली," म्हणाले. "थंडी लागली." दात न उघडता बोलत होते. चेहऱ्यावर हसू होतं. मला वाटलं, आज शेवटचा दिवस, मला वाईट वाटू नये म्हणून मुद्दाम हसतायत. मीही हसून उत्तर दिलं. पण त्यांचं हसू गेलंच नाही. वाकले तरी तेच, कुदळ मारली तरी तेच.

"काका, घरी जाऊ या."

"आजच्या दिवस," ते दातांतून म्हणाले. "उद्या मुरूम पडंन."

मी राख भरलेलं घमेलं वर ठेवायला गेले आणि ते हातून निसटून विटांवर आपटलं. खणकन आवाज झाला.

काका दचकले.

दोन हिवाळ्यांत मी त्यांना दचकलेलं कधी पाहिलं नव्हतं. ते माझं काम होतं. पण हे दचकणं थांबलं नाही. मान मागे गेली, पाठ उचलली गेली, आणि ते खड्ड्याच्या भिंतीवरून घसरत खाली राखेत पडले. फक्त डोकं आणि टाचा जमिनीला. मधलं सगळं अंग हवेत, कमानीसारखं. धनुर्वात हा शब्द मी शाळेत आरोग्याच्या पुस्तकात पाठ केला होता. त्यात धनुष्य का आहे, ते तिथे बघितलं.

"काका!" मी ओरडले.

अंग आणखी ताणलं. दातांचा करकर आवाज आला. मग हळूहळू सैल पडलं. मी पुन्हा "काका!" म्हणून ओरडले आणि पुन्हा तसंच झालं. तिसऱ्यांदा तोंड उघडलं तेव्हा मला कळलं. माझ्या आवाजाने होत होतं ते. मी माझ्याच तोंडावर हात दाबून धरला.

तेवढ्यात आर्वीच्या गाडीने शिट्टी दिली. मी त्यांच्या अंगावर पडून दोन्ही कान तळव्यांनी झाकले. तरी माझ्या हाताखाली ते सगळं ताठ होत गेलेलं मला कळलं. गाडी किती सावकाश जाते ती! डबे संपतच नव्हते.

ते शुद्धीवर होते. हे मला आजही सहन होत नाही. डोळे उघडे, माझ्याकडे लागलेले, सगळं समजत असलेले. गाडी गेल्यावर ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"हळू... बोल."

मी त्यांच्या कानाशी अगदी श्वासाने म्हटलं, "काका, मी माणसं घेऊन येते. गाडी बघते. सेवाग्रामच्या दवाखान्यात जाऊ. हलू नका." त्यांनी पापण्या मिटून हो म्हटलं. मफलर सोडून मी तो त्यांच्या दोन्ही कानांवर गुंडाळला आणि एक खडाही घरंगळू नये अशी, नखं रुतवत वर चढले.

फाटकाकडे धावले. कँटीनच्या फळ्या लावलेल्या. गुलाबराव लग्नाला आर्वीला गेलेले. गाडी गेल्यावर फाटकवालाही कुठे गेलेला, खोली उघडी, आत कोणी नाही. रस्ता दोन्ही बाजूंनी मोकळा. एक सायकलसुद्धा नाही. मी तोंड उघडलं आणि बंगल्याकडे वळून पाहिलं. इथून आवाज पोचेल का? पोचला तर? मी तोंड मिटलं.

गाव लांब होतं, पण दिवस वेचणीचे; शेतात कोणीतरी असेल म्हणून रुळापलीकडच्या शेताच्या धुऱ्याने, बांधावरून, चालत सुटले. पन्नास पावलं झाली की थांबायचे, मागे बघायचे. बंगला आहे तेवढाच दिसायचा. हळूच म्हटलं, "कोणी आहे का?" ते मलाच ऐकू आलं नाही. थोडं मोठ्याने म्हटलं आणि जागच्या जागी मीच दचकले, माझ्याच आवाजाला. डोळ्यांसमोर ती उचलली गेलेली पाठ. नाही ओरडले तर कोणी येणार नाही. ओरडले तर ते तिथे एकटे, राखेत, तसे वाकणार. आणखी पुढे गेले. मग आणखी. पावलं मोजणं सुटलं.

शेवटी बंगल्याकडे पाठ केली, दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि ओरडले, "कोणी या हो! कोणी तरी या!"

कपाशीच्या उभ्या पऱ्हाटीवरून पोपटांचा थवा उठला. बाकी काही नाही. पुन्हा ओरडले. पुन्हा. दर हाकेनंतर डोळे गच्च मिटून मनात म्हणत होते, काका, माफ करा, माफ करा. घसा फाटला. शब्द संपले, नुसतीच हाक राहिली.

तेव्हा लांब, पांढऱ्या बोंडांच्या मधोमध, एक डोकं वर आलं. कापूस वेचणारी कोणी बाई होती. पोटाशी भरलेली ओटी. तिने कपाळावर हात धरून माझ्याकडे पाहिलं. मला ती ओळखत नव्हती. मीही तिला कधी पाहिलेलं नव्हतं. तिने ओटीची गाठ सोडली, कापूस तिथंच ओतला आणि पऱ्हाटी तुडवत निघाली.

"आइकलं वो माय, आइकलं!" ती ओरडली. "आता वरडू नोको. आली मी!"